बुधवारचा पाऊण तास: प्रतापनगर भागातील एका बालवाडीबद्दल अभिप्राय

नागपूरच्या प्रतापनगर भागातील ज्या बालवाडीत माझी मुलगी गेल्या जूनअखेरीपासून जाते, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. बालवाडीचे नाव मी जाणीवपूर्वक देत नाही, कारण तेथे जेमतेम ३६ मुले आहेत आणि ज्या उपक्रमाविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे तो मुलांसाठी नसून त्यांच्या आयांसाठी आहे. नाव छापले तर कोणाकोणाची आई त्यात बसते याचा हिशेब वस्तीतला कोणीही दहा मिनिटांत मांडू शकेल. मी स्वतः त्यात बसते, हे सांगायला मात्र मला आता संकोच वाटत नाही. माझी नोकरी लेखापरीक्षणाची आहे, त्यामुळे कौतुक करतानाही आक्षेपांची यादी मनात तयार होत राहते. वाचकांनी दोन्ही सांभाळून घ्यावे.

आधी बालवाडीविषयी थोडक्यात. दोन मजली घराचा तळमजला, मागे आंब्याचे झाड, तीन खोल्या, दोन ताई आणि एक मदतनीस मावशी. वेळ सकाळी ९ ते १२. डब्यात पोळीभाजी किंवा पोहे चालतात, बिस्किटांचा पुडा मात्र न उघडता परत येतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या हातात पेन्सिल दिली जात नाही. माती, पाणी, गाणी, ठोकळे आणि गोष्टी एवढाच अभ्यासक्रम आहे, आणि ज्या पालकांना अडीच वर्षांच्या मुलाकडून इंग्रजी मुळाक्षरे घडाघडा म्हणून घ्यायची असतात त्यांनी येथे प्रवेश घेऊ नये. महिन्याचे शुल्क २,२०० रुपये आहे. अशा चांगल्या बालवाड्या नागपुरात आणखीही सापडतील. बुधवारी सव्वाअकरा ते बारा या वेळात येथे जे चालते, ते मात्र मला अन्यत्र आढळले नाही.

त्या पाऊण तासापर्यंत मी कशी पोहोचले, हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल सांगता येणार नाही. मुलगी झाल्यावर सव्वा महिना माहेरी सगळे यथासांग झाले: शेक, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत उगाच रडू येणे हे बहुतेक बायकांच्या वाट्याला येते आणि ते आपोआप ओसरते. माझे ओसरले नाही, त्याने फक्त रूप बदलले. रडू संपले आणि काहीच वाटेनासे झाले. १८० दिवसांची प्रसूती रजा संपल्यावर मी कार्यालयात बिनचूक काम करत होते, घरी मुलीचे जेवण, झोप, लसी सगळे वेळच्या वेळी करत होते, पण घास गोड लागत नव्हता, आणि मुलगी हसली की आपणही हसायचे असते हे मला आठवून आठवून करावे लागत होते. ज्या रुग्णालयात प्रसूती झाली, तेथे सहा आठवड्यांनी टाके, रक्तदाब आणि बाळाचे वजन तपासले गेले. मला कसे वाटते, असे कोणी विचारले नाही. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही चार-चार लेकरं वाढवली, बसून रडायला वेळ कोणाला होता?" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरोखरच तो वेळ कोणी दिला नव्हता.

आपण एकट्या नाही, हे मला फार नंतर वाचून कळले. भारतातील ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे आणि त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले, म्हणजे पाच बाळंतिणींत एकीहून थोडे अधिकच. असे असूनही सव्वा महिना संपला की बाळंतीण ही व्यक्ती आपल्या घरांतून नाहीशी होते आणि तिच्या जागी 'बाळाची आई' उरते, जिची विचारपूस बाळाच्या वजनावरून केली जाते.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी इतर मुले आईचा पदर सोडत नव्हती. माझी मुलगी चपला काढून सरळ आत गेली आणि तिने मागे वळूनही पाहिले नाही. मला त्याचे कौतुक वाटले. आठ-दहा दिवसांनी मोठ्या ताईंनी मला फाटकापाशी थांबवून विचारले, "घरी काही सापडलं, तर ती तुम्हाला दाखवायला आणते का हो?" मला उत्तर देता आले नाही. त्या पुढे म्हणाल्या, "बुधवारी सव्वाअकराला या. कूलरसमोर बसा, पाणी प्या. बाकी काही करायचं नाही." आजाराचे नाव त्यांनी काढले नाही, सल्ला दिला नाही आणि चेहऱ्यावर सहानुभूतीही आणली नाही. तसे काही झाले असते तर मी गेलेच नसते.

त्यांनी नेमके काय हेरले होते, ते मला पुढे उलगडले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. आईने आधी बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसते पाहायचे. बाळ हसून, हात पुढे करून, आवाज काढून आईला परत बोलावू पाहते, आणि प्रतिसाद मिळत नाही असे दिसले की शेवटी तोंड फिरवते. प्रयोगात हे काही मिनिटांत आटोपते. आमच्या घरी ते दोन वर्षे चालले होते, आणि ताईंनी ते फिरवलेले तोंड पाहिले होते.

आता प्रत्यक्ष उपक्रमाकडे येते. प्रवेशानंतर दुसऱ्या महिन्यात प्रत्येक आईला नऊ प्रश्नांचा एक कागद दिला जातो. पीएचक्यू-९ या नावाने जगभर वापरली जाणारी ती प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयीची नावड वगैरे त्रास किती दिवस झाला, यावर प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण मिळतात. एकूण गुण २७ असतात आणि साधारणपणे १० किंवा त्याहून अधिक आले तर पुढे तपासणी हवी, असे मानतात. कागद सगळ्या ३६ आयांना दिला जातो, ही यातील खरी मेख आहे. निवडक चौघींना दिला असता तर त्या चौघी दुसऱ्या दिवशीपासून शाळेचा रस्ता बदलून गेल्या असत्या. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयीचा आहे. त्याला कोणी शून्याव्यतिरिक्त काही लिहिले, तर त्या आईला तशीच घरी जाऊ द्यायचे नाही, त्याच दिवशी समुपदेशक बाईंशी फोनवर बोलणे करून द्यायचे, असा येथे नियम आहे. पाणपोईच्या वर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. हा फोन चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. प्रश्नावलीच्या भाषांतराबद्दल माझी नाराजी आहे. "गोष्टी करण्यात स्वारस्य किंवा आनंद कमी वाटणे" असे वाक्य वाचून एका आईने "कोणत्या गोष्टी? इसापाच्या?" असे विचारले होते. शेवटी ताईंनीच ते सोपे केले: "पंधरा दिवसांत कशात जीव रमला का?"

बुधवारच्या तासात आधी दहा मिनिटे खेळ असतो. आईने मुलासमोर जमिनीवर बसायचे, फोन मावशींकडे ठेवायचा आणि मूल जे करील त्याच्या मागे जायचे. शिकवायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त जे दिसते ते बोलायचे. "तू लाल ठोकळा वर ठेवलास. तो पडला." ऐकायला हे अगदी बाळबोध वाटते. पहिल्या बुधवारी मला तिसऱ्या मिनिटाला घाम फुटला, कारण माझ्याजवळ वाक्येच नव्हती. चौथ्या बुधवारी मुलीने एक ठोकळा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. मी काय बोलले ते आठवत नाही, पण त्या दिवशी कार्यालयात पोहोचल्यावर मी दोन वेळा स्वच्छतागृहात जाऊन रडले, आणि दोन वर्षांत प्रथमच त्या रडण्याला काही कारण होते.

त्यानंतर मुले गाण्यांना आत जातात आणि आया वऱ्हांड्यात वह्या उघडतात. वहीच्या पानाचे चार भाग असतात: या आठवड्यातील एक अडचण, ती सोडवण्याचे सुचतील तेवढे मार्ग, त्यांतील निवडलेला एक, आणि पुढच्या बुधवारी लिहायचे ते, म्हणजे काय झाले. अडचण मोठी असून चालत नाही. "माझे आयुष्य वाया गेले" ही अडचण ताई स्वीकारत नाहीत. "रात्री दोनदा उठावे लागते आणि सकाळी सहाला डबे करायचे असतात" ही स्वीकारतात. माझी पहिली नोंद अंघोळीची होती. दहा मिनिटे दार लावून अंघोळ करता येत नाही, हे लिहिताना मला लाज वाटली होती. मार्ग पाच निघाले, निवडलेला मार्ग असा की नवऱ्याने साडेसहा ते पावणेसात मुलीला गच्चीवर न्यायचे. तो "एवढंच ना" म्हणाला आणि नेऊ लागला. दोन वर्षे मी हे त्याला सांगितलेच नव्हते, ही नोंद मला त्याच्या नावावर टाकता येत नाही.

या वहीचे मूळ फार लांबचे आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांतील लहान मुलांसाठी १९६५ पासून 'हेड स्टार्ट' ही बालशिक्षण योजना चालते, आणि तिच्या केंद्रांत नैराश्याचा धोका असलेल्या मातांना असेच अडचण सोडवण्याचे टप्पे शिकवून पाहिले गेले. त्या मातांत नैराश्याची लक्षणे बळावण्याचे प्रसंग इतर मातांपेक्षा कमी आढळले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसते. याहून मला पटलेला दाखला शेजारचा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या, गावातल्याच आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले गेले. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा बाळ सहा महिन्यांचे असताना या गटातील २३ टक्के माता नैराश्यात होत्या आणि नेहमीच्याच भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. अंक वाचणे हा माझा व्यवसाय आहे, आणि एवढा फरक सहसा चुकीच्या बेरजेमुळेच दिसतो, म्हणून मी तो दोनदा पाहिला.

पण असे काम बालवाडीनेच का करावे, असा प्रश्न माझ्या नणंदेने विचारला होता, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर नागपुरी आहे. आपल्या शहरात १८६४ पासूनचे मनोरुग्णालय आहे आणि त्याच्याजवळच्या चौकाला आजही लोक बिनदिक्कत पागलखाना चौक म्हणतात. त्या चौकात उतरायला ऑटोवाल्याला सांगणे हीच ज्या शहरात एक परीक्षा आहे, तेथे कोणती आई पहिले पाऊल आपणहून टाकेल? बालवाडीत मात्र ती रोजच येते. तिला मुलासाठी यायचेच असते, कोणाला कारण द्यावे लागत नाही, आणि फाटकावर पाटी मुलांच्या शाळेची असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती. येथे दिशा तीच आहे, फक्त अंगण बालवाडीचे आणि येणारी आई.

तान्ह्या पोळ्याचा प्रसंग लिहिलाच पाहिजे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून नेतात, आणि ही सजावट प्रत्यक्षात कोण करते ते सर्वांना ठाऊक आहे. झुली, घुंगरू, मोत्यांच्या माळा; शेजारणीच्या नंदीकडे पाहून स्वतःला नापास करण्याची ती वार्षिक संधी असते. बालवाडीने सूचना पाठवली की नंदी कोराच आणावा. त्या बुधवारी आया आणि मुले खाली बसून गेरू, हळद आणि चुन्याने नंदी रंगवत होती, आणि सगळे नंदी सारखेच ओबडधोबड झाले. शहराच्या महाल भागात त्याच सणाला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा पुकारा होतो; माझी पीडा त्या वर्षी तरी मारबतीने नेली नाही, पण नंदीची नेली.

बालवाडी उपचार करत नाही आणि तसा दावाही करत नाही, ही मी तिच्या जमेची सर्वांत मोठी बाजू मानते. माझे गुण १६ आले होते. समुपदेशक बाई एक शनिवार सोडून एक येतात; पहिल्या चार भेटी शुल्कातच धरलेल्या आहेत. दुसऱ्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितले की वही आणि खेळ यावर हे भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मी दाखवले, औषध सुरू झाले आणि ते अजून चालू आहे. आता मला बरे वाटते. त्यातील किती श्रेय गोळीचे, किती बुधवारचे आणि किती गच्चीवरच्या पंधरा मिनिटांचे, याचा ताळेबंद मला मांडता येत नाही. मुलगी दिवाळीपर्यंत तीन-तीन शब्दांची वाक्ये बोलू लागली. तेही कदाचित तिच्या वयाने झाले असेल. पण चिंचोका सापडला तरी ती आता "आई, बघ" म्हणून धावत येते.

आता आक्षेप. भरलेले प्रश्नावलीचे कागद शुल्काच्या पावत्यांसोबत एकाच उघड्या कपाटात, नावांसह ठेवलेले मला ऑगस्टमध्ये दिसले. मी लेखी कळवले. आठवड्याभरात कुलूप आले आणि नावांऐवजी क्रमांक आले, पण हे मुळात सुचायला हवे होते. दुसरे, एका बुधवारचे छायाचित्र कोणालाही न विचारता पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले गेले, आणि मी त्यात मागे वही घेऊन बसलेली होते. तासाभरात ते काढून क्षमा मागितली गेली, तोवर आमच्या इमारतीतल्या दोघींनी "कसली वही गं?" म्हणून विचारून झाले होते.

वेळेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. कामावरून बुधवारी सव्वाअकराला निघणे किती जणींना जमेल? मला केंद्र शासनाची ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी घेता येत नाही. उरतात वर्षाच्या आठ नैमित्तिक रजा, म्हणजे सोळा अर्धे दिवस, आणि शाळेचे बुधवार तीसच्या वर भरतात. निम्म्या बुधवारी माझ्याऐवजी सासूबाई येऊन बसू लागल्या. त्या आधी कुरकुरत आल्या, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःची वही मागितली. त्यांच्या पहिल्या पानावर काय आहे, ते मी विचारलेले नाही. वडिलांसाठी मात्र वर्षात एकच रविवार ठेवला होता आणि त्यातही सगळे बाप भिंतीला टेकून उभे होते. निदान महिन्यातून एक शनिवार त्यांच्यासाठी असायला हवा.

आणखी एक गोष्ट मला खटकते, पण तिचा दोष या बालवाडीला देता येत नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा मुलगा अंगणवाडीत जातो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे, म्हणजे वस्तीतल्या आईपर्यंत पोहोचणारे दार पन्नास वर्षांपूर्वीच तयार झाले आहे. इकडे शेजारच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या आणि युनिसेफच्या सहभागाने 'आरंभ' उपक्रमात अंगणवाडी सेविकांना पालकांशी खेळ आणि संवाद याविषयी बोलण्याचे प्रशिक्षणही मिळाले आहे. त्या ताईंना २,२०० रुपये परवडणार नाहीत; वहीचे पान मात्र त्यांनाही लागते, आणि एक कोरी वही मी त्यांना दिली आहे.

सर्वांत मोठा दोष मी शेवटी ठेवला, कारण त्याचा निकाल अजून लागायचा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि ही बालवाडी एप्रिलच्या मध्यालाच बंद होते. म्हणजे पारा ४५ अंशांवर जातो, सकाळी नऊनंतर लहान मुलाला घेऊन बाहेर पडता येत नाही, खिडक्यांना पडदे लावून आई आणि मूल एका कूलरच्या खोलीत दिवसभर कोंडलेले असतात, नेमके तेच दहा आठवडे बुधवार नसतो. वर्षातल्या ज्या काळात या तासाची गरज सर्वाधिक आहे, त्याच काळात तो उपलब्ध नाही, असा शेरा मी पुढील वर्षाच्या प्रवेश अर्जावर 'सूचना' या रकान्यात लिहिला आणि अर्ज शुल्कासह जमा केला. "मे महिन्यात दोन बुधवार सकाळी साडेसात ते सव्वाआठ घेऊन पाहू," असे संचालिका फोनवर म्हणाल्या आहेत. ते लेखी द्यावे, अशी विनंती मी त्यांना केली आहे.